विमान मोकळे, क्रू अडकलेला : व्यावसायिक विमानांच्या कर्मचाऱ्यांच्या व्हिसाचा इतिहास

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये वाढलेला माझा एक विद्यार्थी आज एका कंपनीच्या छोट्या जेट विमानाची देखभाल पाहतो. आमच्या महाविद्यालयातून मेकॅनिकल करून त्याने पुढे विमान देखभाल अभियंत्याचा परवाना काढला. काही वर्षांपूर्वी एका रात्री त्याचा परदेशातल्या विमानतळावरून फोन आला. विमान व्यवस्थित उतरले होते आणि मालक मंडळी शहरात गेली होती. दोघे वैमानिक परवाना आणि ओळखपत्र दाखवून हॉटेलवर पोहोचले होते. हा मात्र इमिग्रेशनच्या काउंटरसमोरच्या बाकावर बसलेला. "सर, मी विमानातून उतरलोय, पण देशात आलेलो नाही," असे तो म्हणाला. कंपनीने त्याचे नाव क्रूच्या यादीत घातले होते, पण उड्डाणात त्याला कोणते काम होते, असा अधिकाऱ्याचा प्रश्न होता. उड्डाणात त्याला काहीच काम नव्हते. विमान बिघडले तर दुरुस्त करायला तो सोबत आला होता. ती रात्र त्याने बाकावरच काढली.

तेव्हापासून मुक्त पर्यायी विषयाच्या वर्गात मी हा प्रश्न मुलांना विचारतो : विमानासोबत येणारा माणूस प्रवासी की विमानाचाच एक भाग? प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात विमानतळावर नव्हे, बंदरात होते. आपल्यापुरते बोलायचे तर मुंबई बंदरात.

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरी, चिपळूण, दापोली या भागांतले कोकणी खलाशी मोठ्या संख्येने असत. त्यांतले बरेच कोकणी मुसलमान होते. डेकवरच्या टोळीचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि मग साधे खलाशी. स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या सेवेला गोव्याचे लोक असत. मुंबईत जहाजाची वाट पाहत ते धोबीतलाव परिसरातल्या आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये राहत. गोव्याची ही माणसे पोर्तुगीज प्रजा, काम ब्रिटिश जहाजावर आणि मुक्काम ब्रिटिश मुंबईत. तरी जहाजावर चढताना त्यांना कोणी 'तुमचा देश कोणता' असे फारसे विचारत नसे. जहाजाच्या करारपत्रावर नाव आहे का आणि मागील सेवेचा दाखला आहे का, एवढे पाहिले जाई.

लंडनला उतरल्यावर मात्र अडचण होती. जहाज मालाची वाट पाहत गोदीत थांबे आणि खलाशी रस्त्यावर येत. काहींना मालक तिथेच सोडून देत. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने या आशियाई खलाशांना पोसण्याची आणि परत पाठवण्याची जबाबदारी जहाजवाल्यांवर टाकली. या कायद्यात दयेपेक्षा हिशोब जास्त होता. खलाशी इंग्लंडात राहू नये, एवढाच त्याचा हेतू. पण त्यातून एक तत्त्व रूढ झाले : ज्याने आणला त्यानेच परत न्यायचा. असा हमीदार असेपर्यंत खलाशाकडे वेगळी कागदपत्रे मागण्याची गरज राज्याला वाटत नव्हती. पुढे विमानाच्या क्रूला मिळालेल्या सवलतीच्या मुळाशी हेच तत्त्व आहे, म्हणून ते नीट लक्षात ठेवा.

पहिल्या महायुद्धाने चित्र बदलले. युद्धापूर्वी युरोपातल्या अनेक देशांत पासपोर्टशिवाय फिरता येई. युद्धकाळात पासपोर्ट सक्तीचा झाला आणि युद्ध संपल्यावरही ती सक्ती गेली नाही. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद झाली आणि पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी भारतात पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा आला. आता प्रत्येक माणसाकडे स्वतःचा कागद हवा होता. खलाशाकडे असलेला सेवेचा दाखला पासपोर्ट नव्हता. १९२५ मध्ये ब्रिटनने 'कलर्ड एलियन सीमेन' या नावाचा आदेश काढला. त्यानुसार आपण ब्रिटिश प्रजा आहोत हे कागदाने सिद्ध करू न शकणाऱ्या गौरेतर खलाशाला पोलिसांकडे परका म्हणून नोंदणी करावी लागे. भारतीय खलाशी कायद्याने ब्रिटिश प्रजाच होते, तरी कागदाअभावी त्यांच्यातल्या अनेकांची नोंद परके म्हणून झाली. हा आदेश १९४२ पर्यंत टिकला.

आता आकाशाकडे वळू. १९१९ च्या पॅरिस करारात एक गोष्ट पक्की झाली : प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता. समुद्रात किनाऱ्यापासून दूर गेल्यावर पाणी सर्वांचे असते. जमिनीवरच्या आकाशात असा मोकळा भाग उरलाच नाही. याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते इम्पीरियल एअरवेजला लवकरच कळले. १९२९ मध्ये सुरू झालेला तिचा लंडन–कराची मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून जात होता. इराणशी सूत जुळेना, म्हणून १९३२ मध्ये कंपनीला तो आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, शारजाकडून, न्यावा लागला.

याच काळात, १९३० मध्ये, आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि अ‍ॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडले होते. टाटांनी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले, आणि शर्यत अ‍ॅस्पींनी जिंकली. पुढे तेच अ‍ॅस्पी भारताचे हवाईदल प्रमुख झाले. ही गोष्ट बहुतेकांनी खिलाडूपणाची म्हणून ऐकलेली असते. मी ती वर्गात दुसऱ्या कारणासाठी सांगतो. या दोन तरुणांना नियमांच्या भाषेत काय म्हणायचे? त्यांचे वेळापत्रक नव्हते, तिकिटे नव्हती, प्रवासी नव्हते. वैमानिक तेच आणि प्रवासीही तेच. मागे हमी देणारी विमान कंपनी नव्हती. आजच्या व्यावसायिक जेटचा क्रू याच जातीचा आहे. फरक एवढाच की १९३० मध्ये असे लोक बोटांवर मोजण्याइतके होते, आणि सरकारे त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होती.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेने शिकागोला परिषद बोलावली. १ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर १९४४ ती चालली. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनी केले. तिथे झालेला करार ४ एप्रिल १९४७ पासून अमलात आला आणि आजही जगातली नागरी विमान वाहतूक त्याच्यावरच उभी आहे. त्यातली चार कलमे आपल्याला हवीत.

कलम ५ म्हणते, वेळापत्रकाबाहेरच्या विमानांना आधी परवानगी न घेता दुसऱ्या देशात उडत जाण्याचा आणि व्यापाराव्यतिरिक्तच्या कामासाठी उतरण्याचा हक्क आहे. कलम ६ म्हणते, वेळापत्रकानुसार चालणाऱ्या सेवेला मात्र विशेष परवानगीशिवाय येता येणार नाही. नीट पाहा, खासगी विमान इथे विमान कंपनीपेक्षा जास्त मोकळे आहे. त्या काळी छोट्या विमानाची कोणाला भीती नव्हती. भांडण होते ते मोठ्या कंपन्यांच्या प्रवासी आणि मालाच्या धंद्यावरून. (व्यवहारात हा मोकळेपणा पुढे बराच आटला. आज बहुतेक देश, भारतही, अशा विमानाकडून आधी परवानगी मागतात.)

मग येते कलम १३. प्रवेश, इमिग्रेशन, पासपोर्ट, कस्टम्स, क्वारंटाइन यांचे त्या देशाचे कायदे प्रवाशांनी आणि क्रूने पाळायचे, असे ते सांगते. म्हणजे विमानाला जो हक्क कलम ५ ने दिला तो माणसाला दिलाच नाही. विमान आत येऊ शकते, त्याचा वैमानिक येऊ शकेलच असे नाही. कलम २२ या ताठरपणाला थोडे मऊ करते : विनाकारण उशीर होऊ नये म्हणून औपचारिकता सोप्या कराव्यात, असे वचन त्यात सदस्य देशांनी दिले आहे. या वचनातून १९४९ मध्ये कराराचे नववे परिशिष्ट आले. परिशिष्ट ९, विषय 'फॅसिलिटेशन', म्हणजे सोय करून देणे.

या परिशिष्टाचे कागद पाहिले की बंदर आठवते. विमान, मार्ग आणि क्रूची नावे असलेला जनरल डिक्लेरेशन नावाचा तक्ता, ज्याला वैमानिक 'जेन-डेक' म्हणतात. आणि क्रू मेंबर सर्टिफिकेट, म्हणजे सारंगाच्या दाखल्याचाच आकाशातला अवतार. हे सर्टिफिकेट घेऊन कामावर आलेल्या, थोड्या मुदतीसाठी उतरून पुन्हा जाणाऱ्या कर्मचाऱ्याकडून व्हिसा मागू नये, अशी देशांना शिफारस आहे. शिफारस, सक्ती नव्हे. शिवाय करारातल्या मानकापेक्षा आपला नियम वेगळा असेल तर देशाने तसे कळवावे, अशीही सोय करारात आहे. त्यामुळे जगभर एक नियम कधीच झाला नाही.

सवलत नेमकी कोणाला फळली? ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. वेळापत्रकाच्या सेवेत क्रूचे येणे-जाणे आधीच ठरलेले असते. कोण आले, कुठल्या हॉटेलात उतरले, परत कोण नेणार, हे सगळे कंपनीच्या नोंदीत असते. कोणी पळून गेला तर सरकारला जाब विचारायला कंपनीचे स्थानिक कार्यालय आहे, आणि कंपनीला तो मार्ग गमवायचा नसतो. १८२३ च्या जहाजमालकासारखा हमीदार इथे आपसूक उभा राहिला. पुढे कायद्यांनी ही हमी उघडपणे वसूल करायला सुरुवात केली. भारताच्या २००० सालच्या वाहक दायित्व कायद्यात योग्य कागदांशिवाय माणूस आणणाऱ्या वाहकाला प्रत्येक माणसामागे एक लाख रुपये दंड होता.

व्यावसायिक विमान या साच्यात बसत नाही. कंपनीचे स्वतःचे किंवा भाड्याने घेतलेले, वेळापत्रक नसलेले, लोकांना तिकीट न विकणारे विमान म्हणजे व्यावसायिक विमान. अमेरिकेत महायुद्धानंतर कंपन्यांनी उरलेली लष्करी विमाने घेऊन ही पद्धत वाढवली. १९६३ मध्ये पहिले लिअरजेट उडाले आणि छोट्या जेटचे युग सुरू झाले. भारतात १९५३ च्या कायद्याने वेळापत्रकाची वाहतूक सरकारी महामंडळांकडे गेली. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. भारतीय कंपन्यांची विमाने नियमितपणे परदेशी जाऊ लागली ती मुख्यतः त्यानंतर, उद्योगपतींचे परदेशात कारखाने झाले तेव्हा.

आता इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहा. समोर दोन वैमानिक आणि एक केबिन कर्मचारी आहेत. परत कधी? 'साहेबांची बैठक संपली की.' बैठक आज संपेल की आठवड्याने, माहीत नाही. कदाचित विमान उद्या रिकामेच दुसऱ्या देशात जाईल आणि हे इथेच राहतील. कदाचित हे विमान कंपनीच्या साध्या विमानाने घरी जातील आणि दुसरे दोन वैमानिक प्रवासी म्हणून येऊन जेट ताब्यात घेतील. शहरात कंपनीचे कार्यालय नाही, जमिनीवरची सेवा देणारी भाड्याची संस्था आहे. 'ज्याने आणला तोच परत नेईल' हे गृहीतक इथे मोडते. मी हे अधिकाऱ्याच्या बाजूने मांडले, कारण दोष त्याच्या स्वभावात नाही. नियमच वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला.

म्हणून वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे काढली. त्यातली दोनच पाहू.

अमेरिकेचे उत्तर सरळ आणि कडक आहे. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याने क्रूसाठी 'डी' हा वेगळा वर्ग केला. त्यावर जास्तीत जास्त २९ दिवस राहता येते. क्रू प्रवासी म्हणून येऊन विमानावर रुजू होणार असेल तर 'सी-१' हा संक्रमण व्हिसा लागतो. त्यामुळे वकिलातीत बहुधा 'सी-१/डी' असा जोड व्हिसा मिळतो. ज्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, त्यांनाही क्रू म्हणून यायचे तर हा व्हिसा काढावाच लागतो. ब्रिटिश वैमानिक सुटीवर मुलांना घेऊन गेला तर व्हिसा नको, जेट उडवत गेला तर हवा! पूर्वी सगळ्या क्रूच्या यादीवर मिळून एकच व्हिसा देण्याची पद्धत होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रत्येक माणसाची वेगळी तपासणी हवी झाली आणि २००४ मध्ये ती पद्धत बंद झाली. २००९ पासून खासगी विमानाने निघण्याच्या किमान ६० मिनिटे आधी सगळ्यांची माहिती ऑनलाइन पाठवायची असते. वैमानिकांना खुपणारा आणखी एक मुद्दा म्हणजे, सिम्युलेटर प्रशिक्षणाला जायचे तर हाच 'डी' व्हिसा चालत नाही. माणूस तोच, परवाना तोच, पण त्या दिवशी तो क्रू नाही.

युरोपच्या शेंगेन देशांचे उत्तर वेगळ्या वळणाचे आहे. त्यांच्या सीमा संहितेत वैमानिकाचा परवाना किंवा परिशिष्ट ९ मधले क्रू सर्टिफिकेट असलेल्याला कामाच्या ओघात तीन गोष्टी करता येतात : विमानतळावर चढणे-उतरणे, तो विमानतळ ज्या नगरपालिकेत आहे तिच्या हद्दीत जाणे, आणि निघणारे विमान पकडण्यासाठी दुसऱ्या विमानतळावर जाणे. याहून जास्त हवे तर साधे प्रवेशनियम लागू. ही नगरपालिकेची अट मला फार आवडते, कारण तिच्यात बंदराजवळच्या गल्लीत फिरू दिलेला खलाशी स्पष्ट दिसतो. पण व्यावसायिक जेट पॅरिसला येतात ती बहुतेक ल बूर्जे विमानतळावर, आणि ल बूर्जे पॅरिस शहरात नाही. तो शेजारच्या छोट्या नगरपालिकांच्या हद्दीत येतो. शब्दशः वाचले तर अशा क्रूने आयफेल मनोरा लांबूनच पाहायचा. म्हणून जाणत्या कंपन्या आपल्या भारतीय क्रूचा शेंगेन व्हिसा काढूनच ठेवतात.

आणि या दोन्ही उत्तरांत माझा विद्यार्थी कुठे बसतो? परिशिष्ट ९ च्या व्याख्येनुसार क्रू म्हणजे उड्डाणाच्या कामकाळात विमानावर कामासाठी नेमलेला माणूस. वैमानिक बसतो, केबिन कर्मचारी बसतो. देखभाल अभियंता उड्डाणात नुसता बसलेला असतो, त्याचे काम विमान थांबल्यावर सुरू होते. जुन्या जहाजावर हा प्रश्न आलाच नसता, कारण इंजिनखान्यातला माणूस प्रवासभर कोळसा टाकतच असे. कॉन्स्टेलेशनच्या कॉकपिटमध्येही फ्लाइट इंजिनिअरची खुर्ची होती. पुढे स्वयंचलित यंत्रणांनी ती खुर्ची काढून टाकली. तंत्रज्ञान बदलले आणि त्याबरोबर एका माणसाची कायदेशीर ओळखही पुसली गेली. अभियांत्रिकीच्या मुलांनी हा भाग इतिहास म्हणून न वाचता स्वतःच्या नोकरीचा म्हणून वाचावा, कारण तुमच्यातले काहीजण याच खुर्चीच्या शोधात जाणार आहात.

तुलनेसाठी खलाशांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५८ मध्ये खलाशांच्या ओळखपत्राचा करार केला आणि २००३ मध्ये बायोमेट्रिक खुणांसह तो नव्याने लिहिला. भारताने नवा करार २०१५ मध्ये मान्य केला आणि २०१९ मध्ये असे ओळखपत्र देणे सुरू केले. खलाशांच्या मागे संघटना होत्या, मुंबईतल्याही. व्यावसायिक जेटच्या क्रूची संख्या इतकी कमी आणि ती इतक्या मालकांमध्ये विखुरलेली, की त्यांच्यासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार करावा असे कोणाला वाटलेले नाही.

भारतातही कायदा नुकताच बदलला. १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा परदेशी नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि २००० चा वाहक दायित्व कायदा हे चारही रद्द करून त्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ आला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. माणूस आणणाऱ्यावर जबाबदारी टाकण्याचे तत्त्व त्यातही कायम आहे.

भिलाईच्या मुलांना हे सगळे फार दूरचे वाटते. कॅम्प-१ ही स्टील प्लांट उभारणाऱ्या कामगारांची वस्ती, आणि आमच्या आधीच्या पिढीसाठी परदेशी माणूस म्हणजे १९५५ च्या करारानंतर आलेला रशियन इंजिनिअर. पण गावाबाहेर नंदिनीला प्लांटची धावपट्टी आहे. एखाद्या कंपनीचे जेट तिथून दुबईला निघाले अशी कल्पना करा. त्याला थेट जाता येणार नाही. शिकागो कराराच्या कलम १० नुसार देश सांगेल त्या कस्टम्स विमानतळावरूनच बाहेर पडावे लागते, म्हणजे आधी नागपूर किंवा मुंबई. तिथे जेन-डेकवर शिक्का, क्रूचे पासपोर्ट, प्रवाशांचे पासपोर्ट, आणि मग उड्डाण. हा अभ्यास म्हणून करून पाहा : दोन वैमानिक, एक केबिन कर्मचारी, एक देखभाल अभियंता, चौघेही भारतीय पासपोर्टचे. दुबई, मग पॅरिस, मग न्यूयॉर्क, आणि न्यूयॉर्कला वैमानिक बदलणार. प्रत्येकाला कुठे कोणता कागद लागेल याचा तक्ता करा. देखभाल अभियंत्याचा रकाना शेवटी ठेवा, त्यालाच सर्वात जास्त वेळ लागतो.

त्या विद्यार्थ्याचा मागच्या महिन्यात पुन्हा फोन आला होता. कंपनीने आता त्याच्यासाठीही रीतसर व्हिसा काढायचे ठरवले आहे. त्यासाठी त्याचा पासपोर्ट तीन आठवडे वकिलातीत होता. त्या तीन आठवड्यांत विमान दोनदा परदेशी जाऊन आले, आणि दोन्ही वेळा तो हँगरमध्येच होता.